लग्नाची डीव्हीडी आणि रफ वही

बऱ्याच दिवसांनी लिहायला बसलोय. मध्ये डोळ्याचं ऑपरेशन झालं, मग पावसाळ्यात माळवदाची गळती निघाली, एक ना दोन. पण २०२५ च्या जूनमध्ये घरात एक प्रकरण झालं आणि तेव्हापासून एक गोष्ट डोक्यात घोळतेय. ती सांगितल्याशिवाय चैन पडणार नाही.

थोरली मुलगी अमेरिकेहून आली होती, सोबत नात. नात सतरा वर्षांची. मराठी छान बोलते, फक्त 'ळ' आला की जरा अडखळते. एका दुपारी म्हणाली, "आजोबा, आईच्या लग्नाची फिल्म आहे ना तुमच्याकडे? मला पणजीला बघायचंय. तिचा आवाज कसा होता ते ऐकायचंय."

माझी आई २००९ साली गेली. नात तेव्हा जेमतेम वर्षाची. फोटोतली पणजी तिच्या ओळखीची, पण आवाज कधी कानावर पडलेला नाही.

मी मोठ्या ऐटीत उठलो. लोखंडी पेटीत, शालूच्या घडीखाली, प्लॅस्टिकच्या डबीत डीव्हीडी होती. वर नवरानवरीचा फोटो असलेलं स्टिकर. नातीने ती हातात घेतली, उलटसुलट फिरवली, लॅपटॉपच्या चारी बाजू तपासल्या आणि विचारलं, "पण आजोबा, ही घालायची कुठे?"

इथून पुढचे आठ दिवस आमच्या घरात दुसरा विषय नव्हता.

मंडळी, माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो, म्हणजे ज्यांना घाई आहे त्यांनी इथूनच परत फिरायला हरकत नाही. घरातल्या लग्नाची, बारशाची, एकसष्टीची जी डीव्हीडी आपण जपून ठेवलीय ती फेअर वही आहे. तीही जपाच. पण खरं जपायचं असतं ते मूळ चित्रण, म्हणजे रफ वही. ती मागून घ्यायची असते, आणि वेळेत मागून घ्यायची असते. मी मागितली नाही. त्याची किंमत काय, ते आता सांगतो.

लग्न मे २००५ मधलं, इथेच अणदूरला. जवळच्या शहरातला एक शूटिंगवाला ठरवला होता. तेव्हा छोट्या मिनीडीव्ही कॅसेटवर चित्रण व्हायचं. लग्नाच्या आदल्या दिवशी घरात हळद दळायचा कार्यक्रम होता. जात्याला हळकुंड-सुपारी बांधली, पाच सवाष्णी दळायला बसल्या आणि आई शेजारी बसून ओव्या सांगू लागली. तिला किती ओव्या येत होत्या याचा हिशेब कुणी ठेवला नाही. पहाटे दळता दळता शिकलेल्या. मारुतीपासून सुरुवात, मग खंडोबा, तुळजापूरची आई, मग भाऊ, मग लेक. नातीच्या लग्नात तर तिने बसल्या जागी नवीन ओव्या जुळवल्या, नातजावयाचं नाव घालून. दोन तास चाललं होतं. शूटिंगवाला दिवा धरून समोरच उभा होता, त्यामुळे मी निर्धास्त होतो.

महिन्याभराने डीव्हीडीच्या दोन प्रती आल्या. एक आमच्याकडे राहिली, एक सोलापूरच्या धाकट्या भावाला दिली. सगळं घर टीव्हीसमोर जमलं. नावं गरगर फिरत आली, गुलाबाच्या पाकळ्या पडल्या, हृदयाच्या आकारात नवरी आली. मग हळदीचा कार्यक्रम. जातं फिरतंय, आईचं तोंड हलतंय आणि आवाज येतोय तो सिनेमातल्या गाण्याचा! संपादन करताना त्याने मूळचा आवाज काढून टाकला होता आणि वर गाणी टाकली होती. सगळ्याच लग्नांच्या डीव्हीडीत तेव्हा असंच करायचे.

आई चष्मा सावरत म्हणाली, "आरं, तोंड माझं हालायलंय आन् गाणं ह्या बाईचं वाजायलंय की!"

आम्ही सगळे पोट धरून हसलो. मीही हसलो. आज वीस वर्षांनी तेच हसू मला सलतंय. त्याच दिवशी एसटी पकडून शूटिंगवाल्याकडे गेलो असतो तर कॅसेट कदाचित मिळाली असती.

गेलो, पण वर्षाने आणि वेगळ्याच कारणाने. २००६ साली मुलगी-जावई अमेरिकेला गेले. ओळखीच्या एकाबरोबर डीव्हीडीची नक्कल पाठवली, तर तिकडच्या प्लेअरवर ती चालेना. आपल्याकडे टीव्हीची पद्धत 'पाल', सेकंदाला २५ चित्रं. अमेरिकेत 'एनटीएससी', सेकंदाला जवळपास ३०. डीव्हीडीतही आपल्या चित्रात ५७६ ओळी, त्यांच्या चित्रात ४८०. आपल्याकडचे बहुतेक प्लेअर दोन्ही प्रकार चालवायचे, तिकडच्या पुष्कळ प्लेअरना फक्त त्यांचाच प्रकार कळायचा. कॅसेटवरूनच त्यांच्या पद्धतीची डीव्हीडी करून घ्यावी म्हणून शूटिंगवाल्याकडे गेलो. तो सरळ माणूस. म्हणाला, "सर, त्या कॅसेटवर त्यानंतर पाच लग्नं झाली."

त्याला बोल लावण्यात अर्थ नाही. मिनीडीव्हीच्या एका तासाच्या चित्रणाला संगणकावर सुमारे १३ जीबी जागा लागते. हळदीपासून वरातीपर्यंतचं सगळं चित्रण म्हणजे सहज शंभर जीबी. त्या काळी दुकानातल्या संगणकाची हार्ड डिस्कच ८० जीबीची असायची. तो कुणाकुणाची लग्नं साठवणार? कॅसेटही पैसे देऊन आणलेली. आणि मुख्य म्हणजे गिऱ्हाइकाने मागितलीच नव्हती.

तेव्हा मग मीच संगणक शिकलो. निवृत्तीला तीन वर्षं होती. शाळेत नवीन संगणक आले होते, तिथल्या पोरांनी मला शिकवलं. (विद्यार्थ्यांकडून शिकण्यात कमीपणा कसला?) एक जोडणीचा संगणक घेतला, नीरो घातलं आणि डीव्हीडी जाळायला बसलो. 'बर्न' करणे याला आम्ही जाळणेच म्हणायचो आणि पहिल्या पाच डिस्क खरोखरच जळाल्या.

पहिली चूक अशी की, संगणकातली फाइल उचलून डिस्कवर तशीच टाकली. संगणकावर दिसे, टीव्हीवर 'नो डिस्क'. व्हिडिओ डीव्हीडी म्हणजे फाइल टाकलेली डिस्क नव्हे. तिच्यात 'व्हिडिओ टीएस' नावाचं फोल्डर लागतं, त्यात व्हीओबी नावाच्या तुकड्यांत चित्र-आवाज आणि आयएफओ नावाच्या फाइलीत अनुक्रमणिका. चित्र सहसा एमपेग-२ प्रकारात असतं. पुस्तकाची पानं सुटी करून टोपलीत टाकली तर ते पुस्तक राहत नाही, तसं.

दुसरी चूक हिशेबाची. डिस्कवर लिहिलेलं ४.७ जीबी. माझी फाइल संगणक दाखवी ४.५ जीबी. तरी मावेना! डिस्क बनवणारा हजाराने मोजतो आणि संगणक १०२४ ने. संगणकाच्या मापात ती डिस्क ४.३७ जीबीचीच. दुधाच्या मापात आणि घरच्या पातेल्यात फरक पडावा तसा प्रकार.

तिसरी चूक 'फायनलाइज' न करण्याची. डिस्क लिहून झाल्यावर ती बंद करावी लागते, नाहीतर जिच्यावर लिहिली त्या यंत्राशिवाय इतरांना ती सहसा वाचता येत नाही.

आणि चौथी चूक माझी नव्हे, भारनियमनाची! त्या वर्षांत आपल्या भागात किती तास वीज जायची ते तुम्हाला माहीतच आहे. डिस्क ८० टक्क्यांवर आली की दिवे गेलेच समजा. अर्धवट लिहिलेली डिस्क कशाच्याच कामाची नाही. सौ. त्यावर चहाचे कप ठेवायची. शेवटी पहाटे तीनला उठून, वीज असेल तेव्हा, वेग कमी करून ४ एक्सवर लिहिली. ती एकदाची चालली.

पण ती प्रत म्हणजे झेरॉक्सची झेरॉक्स. मूळ कॅसेटवरून एकदा दाबून डीव्हीडी केलेली, ती उलगडून अमेरिकेच्या पद्धतीत पुन्हा दाबलेली. दर वेळी काहीतरी गळतं आणि गळालेलं परत येत नाही. शूटिंगवाल्याने तीन तास एकाच डिस्कमध्ये बसवले होते. त्या डिस्कवर उत्तम प्रतीचं चित्र तासाभराचंच मावतं, दोन तास ठीकठाक. तीन तास कोंबले की जिथे हालचाल जास्त तिथे चित्राचे चौकोन दिसू लागतात. आमच्याकडे अक्षता पडायला लागल्या की नवरानवरी दोघंही चौकोनांत विरघळायची. हजारो तांदूळ एका क्षणात हवेत, त्यांचा हिशेब ठेवायला जागा कुठून उरणार? अमेरिकेच्या प्रतीत तर अक्षतांऐवजी धुकंच पडलं.

असो. ही झाली जुनी कथा. आता २०२५.

पुतण्याने सोलापूरहून यूएसबीचा डीव्हीडी ड्राइव्ह आणला. डिस्क घातली, तर लॅपटॉप गप्प. विंडोज ८ पासून डीव्हीडी सिनेमा दाखवायची सोय विंडोजबरोबर येतच नाही. व्हीएलसी नावाचा फुकट प्लेअर घातला आणि लग्न सुरू झालं. नात पुढे सरसावून बसली. गणेशपूजन झालं, मांडव दिसला, आणि ऐन हळदीच्या आधी चित्र अडकलं. ड्राइव्ह घरघर करू लागला. पुढे जाईना, मागे येईना.

घरी लिहिलेली डीव्हीडी आणि दुकानातली सिनेमाची डीव्हीडी यांत फरक असतो, हे मला उशिरा कळलं. दुकानातली साच्यातून छापलेली असते. घरची डिस्क रंगाच्या पातळ थरावर लेसरने लिहिलेली असते आणि हा रंग उष्णतेने, उन्हाने, काळाने विटतो. आमच्याकडे एप्रिल-मेमध्ये पारा ४० च्या वर, त्यात पेटी पत्र्याच्या खोलीत. वरचं कागदी स्टिकरही घातक. ते सुकून आक्रसतं, डिस्कला किंचित बाक येतो, तोल जातो. ज्या शालूबरोबर ती इतकी जपली, तो शालू अजून झळाळतोय, आणि डिस्क विटली.

डिस्क मऊ सुती कापडाने पुसली. मधून कडेकडे सरळ पुसायची, गोल गोल नाही. फरक पडेना. मग पुतण्याने डीडीरेस्क्यू नावाचा एक फुकट प्रोग्राम लावला. त्याची पद्धत मला फार आवडली. मी चाळीसएक वर्षं परीक्षेआधी पोरांना जे सांगत आलो तेच तो करतो. आधी सोपे प्रश्न सोडवून घ्या, अडलेल्या प्रश्नापाशी वेळ घालवू नका, शेवटी त्यांच्याकडे परत या. जे सहज वाचता येतं ते आधी उतरवून घेतो, मग अडलेल्या जागी पुन्हा पुन्हा प्रयत्न करतो आणि काय वाचलं, काय राहिलं याची नोंद ठेवतो. रात्रभर चाललं. सकाळी पाहिलं तर बहुतेक सगळं आलं होतं, हळदीतला तुकडा सोडून.

तेव्हा धाकट्या भावाच्या डिस्कची आठवण झाली. ती सोलापुरात पुस्तकांच्या कपाटात, थंड जागी, उभी ठेवलेली. दोन्ही डिस्क एकाच मूळ प्रतीवरून लिहिलेल्या, म्हणून आमच्या डिस्कच्या गाळलेल्या जागा तिच्यावरून भरता आल्या. दोन घरांत दोन प्रती नसत्या तर हळद कायमची गेली असती.

मग त्या डिस्कची पूर्ण प्रतिमा, म्हणजे आयएसओ फाइल, आधी जशीच्या तशी ठेवली आणि नंतर हँडब्रेकमध्ये तिची एमपी४ केली. इथेही तीन ठिकाणी पाय घसरला, ते सांगून ठेवतो. पहिल्या प्रतीत सगळे पाहुणे जाडे झाले, कारण जुनं चित्र ४:३ मापाचं आणि आम्ही ते रुंद पडद्यावर ताणलं. दुसऱ्या प्रतीत हात हलला की त्याला कंगव्याचे दात फुटायचे. जुन्या चित्रणात एकेक चित्र दोन हप्त्यांत, आधी एकाआड एक ओळी आणि मग उरलेल्या ओळी, असं भरलेलं असतं. ते नीट जुळवायला 'डीइंटरलेस' करावं लागतं. तिसरी प्रत संगणकावर झकास, पण फोनवर मुकी. डीव्हीडीतला आवाज एसी३ प्रकारचा होता आणि तो पुष्कळ फोनना कळत नाही. आवाज एएसी प्रकारात बदलला, मग फोन बोलू लागला. शिवाय व्हॉट्सॲपवर व्हिडिओ म्हणून पाठवला की ते त्याला आणखी दाबतं. पाठवायचाच तर डॉक्युमेंट म्हणून पाठवा.

एवढं सगळं करून एका संध्याकाळी आम्ही सगळे पुन्हा पडद्यासमोर बसलो. हळद आली. जातं फिरलं. पणजी दिसली. नात एकदम पुढे झाली.

आणि सिनेमाचं गाणं सुरू झालं.

मला हे माहीत होतं. तरी तिला आधी सांगायचा धीर झाला नव्हता. ती म्हणाली, "थांबा आजोबा, आता गाणं आणि बोलणं वेगळं करता येतं." खरंच येतं. एकत्र मिसळलेल्या आवाजातून गाणाऱ्याचा गळा आणि वाद्यं वेगळी काढणारे प्रोग्राम आज फुकट मिळतात. तिने दोन दिवस खटपट केली. सिनेमातल्या बाईंचा गळा स्वच्छ वेगळा निघाला. तबला वेगळा निघाला. त्यांच्याखाली काहीच नव्हतं. आईचा आवाज गाण्याखाली दबला नव्हता, तो ठेवलेलाच नव्हता. पोह्यात मीठ जास्त झालं तर काही करता येतं, पण पोहेच नसतील तर काय करणार?

मात्र एक झालं. शोधता शोधता नातीला एक जागा सापडली. एक गाणं संपून दुसरं सुरू होण्याच्या मध्ये शूटिंगवाल्याचा हात चुकला होता. अकरा सेकंद मूळ आवाज राहून गेला. जात्याची घरघर, बांगड्या, एका ओवीचं शेवटचं टोक, आणि मग आई म्हणते, "अगं, हळू वढा, हळद सांडायलीय." आणि हसते.

एवढंच. दोन तासांतले अकरा सेकंद. तेही चुकून राहिले म्हणून.

मुलगी उठून आत गेली. नात ते पुन्हा पुन्हा लावत होती. "वढा म्हणजे ओढा ना, आजोबा?" मी म्हटलं, "हो."

आता रफ वहीबद्दल. मी जन्मभर मुलांच्या फेअर वह्या तपासल्या. सुवाच्य अक्षर, समास आखलेला, तळाला लाल रेघ. मार्क तिलाच. पण पोराला गणित कुठे अडलं, त्याने काय खोडलं, हे रफ वहीतच दिसायचं. वर्ष संपलं की रफ वह्या रद्दीत जायच्या आणि आम्हीच त्या जाऊ द्यायचो. लग्नाची संपादित डीव्हीडी ही तशी तपासणीसाठी केलेली फेअर वही आहे. तिच्यात आहेर देणारे सगळे रांगेने आहेत, पाकळ्या आहेत, हृदय आहे. ज्याचा आवाज पुढे वीस वर्षांनी कुणीतरी मागणार आहे, ती म्हातारी मात्र त्यात मुकी आहे.

कुणी म्हणेल, सर, पाच-सहा तासांचं न कापलेलं चित्रण बघतं कोण? बरोबर आहे. कुणी बघत नाही. माझा संपादनाला विरोधही नाही, पाहुण्यांना दाखवायला तीच हवी. पण कोणती मिनिटं मोलाची ठरतील हे संपादन करणाऱ्याला त्या दिवशी कळत नसतं. मलाही कळलं नव्हतं. २००५ साली आई समोर बसलेली होती. तिचा आवाज साठवून ठेवायची गोष्ट आहे असं कुणाच्या मनात आलं नाही, कारण तो रोज घरात ऐकू येत होता.

ज्यांच्या मनात आलं अशी माणसंही होती. पुण्याच्या हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी महाराष्ट्रातल्या गावोगावच्या बायकांकडून एक लाखाहून अधिक जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या. पुष्कळ ओव्या त्या बायकांच्याच आवाजात ध्वनिमुद्रित झाल्या. २०१७ पासून 'पारी' हे ग्रामीण भारताचं संकेतस्थळ त्या ओव्या गाणारीच्या नावागावासकट प्रसिद्ध करू लागलं. ऐकून बघा. कुठलंही संगीत वर चढवलेलं नाही. जात्याची घरघर आहे, मध्येच कुणी खोकतं, कुणी हसतं. म्हणूनच त्या बायका आजही समोर बसल्यासारख्या वाटतात.

आणि मूळ एकाच जागी ठेवलं की काय होतं, तेही आपण पाहिलंय. जानेवारी २००३ मध्ये पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटच्या आवारात आग लागली आणि तिथे ठेवलेल्या जुन्या चित्रपटांच्या नायट्रेट फिल्म जळाल्या. ज्या चित्रपटांच्या प्रती दुसऱ्या फिल्मवर काढून वेगळ्या ठेवल्या होत्या ते राहिले. आपल्या भागाला तर हे सांगायलाच नको. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपात घरं गेली, माणसं गेली. सास्तूरकडच्या आमच्या एका पाहुण्यांकडे आईबापाचा एकही फोटो उरला नाही. एक फोटो लग्नात लातूरच्या मामांना दिलेला होता, तेवढाच वाचला.

वस्तूंवर तर आता भरवसाच नको. २००७ साली मोझर बेअर कंपनीने सिनेमांच्या सीडी-डीव्हीडी चाळीस रुपयांच्या आत विकायला काढल्या तेव्हा वाटलं, हे आता कायमचं. २०१८ साली ती कंपनी अवसायनात गेली. व्हीसीआर बनवणं २०१६ मध्ये थांबलं. मिनीडीव्ही कॅसेट बनवणं सोनीने फेब्रुवारी २०२५ मध्ये बंद केलं. कॅसेट असेल आणि चालवायला यंत्र नसेल तर ती कॅसेट म्हणजे किल्ली हरवलेलं कुलूप. ज्यांच्याकडे अजून कॅसेट आहेत त्यांनी यंत्र सापडतंय तोवर त्या उतरवून घ्याव्यात, डीव्हीडीची पाळी त्यानंतर.

इथे मला आमच्या गावचाच दाखला द्यावासा वाटतो. अणदूर आणि नळदुर्ग, दोन गावांचा खंडोबा एक. देवळं दोन, मूर्ती एकच. देव सव्वादहा महिने अणदुरात आणि पावणेदोन महिने नळदुर्गला मैलारपुरात. दर वर्षी देव निघायच्या वेळी दोन्ही गावचे मानकरी लेखी करार करतात, मग पालखी निघते. लहानपणी मला वाटायचं, देवाच्या कामात कागद कशाला? आता कळतं. जी वस्तू एका हातातून दुसऱ्या हातात जायची आहे तिची नोंद हवी, तारीख हवी आणि घेणारा माणूस ठरलेला हवा. तसं असलं की पिढ्या बदलल्या तरी वस्तू हरवत नाही. आमची डीव्हीडी पेटीत वीस वर्षं बसून राहिली. तिला कुणी हलवलं नाही, कुणी तिची चौकशी केली नाही, आणि आम्ही त्याला जपणं म्हणत होतो.

म्हणून आमच्या घरात आता असं ठरलंय. आयएसओ आणि एमपी४ दोन्ही ठेवायच्या. एक प्रत अणदुरात हार्ड डिस्कवर, एक सोलापुरात धाकट्याकडे, एक नातीकडे अमेरिकेत. दर दिवाळीला तिघांनी आपापली प्रत उघडून बघायची आणि फोनवर सांगायचं, चालतेय. दर पाच वर्षांनी नवीन डिस्कवर उतरवायची. कोणत्या तासात काय आहे, पडद्यावरची माणसं कोण, हे मी एका वहीत लिहून काढतोय, कारण पडद्यावरच्या निम्म्या माणसांची नावं आता मला आणि सौ.लाच ठाऊक आहेत. वही भरली की तिचीही प्रत तिघांकडे.

आणि लग्नघरच्या मंडळींना एक विनंती. शूटिंगवाल्याला सुपारी देतानाच सांगा, न कापलेलं सगळं चित्रण, मूळ आवाजासकट, आम्हाला पाहिजे. हार्ड डिस्क आमची. थोडे पैसे जास्त मागेल, द्या. डीजेला देतो त्याच्या मानाने काहीच नाही. आणि घरात म्हातारं माणूस असेल तर लग्नाची वाट बघू नका. आज सगळ्यांच्या खिशात कॅमेरा आहे. पंखा बंद करा, टीव्ही बंद करा, फोन समोर ठेवा आणि विचारा, "तुमच्या लहानपणी काय काय होतं?" मग मध्ये बोलू नका. वर गाणं टाकू नका.

नात जुलैच्या शेवटी परत गेली. जाताना तिने त्या अकरा सेकंदांची वेगळी फाइल केली. तिला नाव काय द्यायचं विचारलं. मी म्हटलं, तूच दे. तिने मराठीत टाइप केलं, "पणजी हळद". 'ळ' बरोबर लिहिला.

तुमच्या पेटीतही एखादी डबी असेलच. आजच उघडून बघा, आणि काय निघालं ते मला जरूर कळवा.